‘ग्रां प्री’ म्हणजे पहिला पुरस्कार नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगभरातील चित्रपट महोत्सवांचे निकाल आपल्या दैनिकात नियमाने छापून येतात आणि मीही ते नियमाने वाचतो. बातम्या येत नाहीत अशी माझी तक्रार नाही. बातम्या येतात, परंतु पुरस्कार नेमका कोणता, तो कोणत्या विभागातला आणि तो दिला कोणी, या तीन गोष्टी त्यांत बहुधा सापडत नाहीत, ही तक्रार आहे. ‘कानमध्ये सन्मान’, ‘व्हेनिसमध्ये बाजी’ अशा मथळ्यांखाली महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, एखाद्या उपविभागातले पारितोषिक आणि कधी कधी तर केवळ झालेला एक खेळ, हे सारे एकाच पंगतीला बसवले जाते. (‘कान’ की ‘कान्स’ या वादात मी शिरत नाही, फ्रेंच उच्चारात शेवटचा ‘स’ नाही, एवढेच.)

या घोळाचे सर्वांत जुने उदाहरण चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’चे आहे. ‘पाम द’ओर मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट’ अशी त्याची ओळख इतक्या वेळा छापली गेली आहे की आता ती दुरुस्त करणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतील. वस्तुस्थिती अशी की १९४६ साली, म्हणजे कानच्या पहिल्याच महोत्सवाच्या वेळी, पाम द’ओर हा कानचा आजचा सर्वोच्च पुरस्कार अस्तित्वातच नव्हता. सर्वोच्च पुरस्काराचे नाव तेव्हा ‘ग्रां प्री’ होते आणि त्या वर्षी तो अकरा देशांच्या अकरा चित्रपटांना विभागून देण्यात आला. रोबेर्तो रोसेलिनी, डेव्हिड लीन आणि बिली वाइल्डर यांचे चित्रपट त्या यादीत आहेत, आणि ‘नीचा नगर’ही आहे. युद्ध नुकतेच संपलेले असताना एका देशाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवणे परीक्षकांना अवघड गेले असेल, असा अंदाज त्या यादीकडे पाहून करता येतो. ‘नीचा नगर’चे मोल यामुळे कमी होत नाही. रोसेलिनी आणि लीन यांच्या शेजारी त्याला मिळालेली जागा खरी आहे. मग जो पुरस्कार तेव्हा नव्हताच, तो त्याच्या गळ्यात कशासाठी घालायचा?

पाम द’ओर, म्हणजे सोन्याची ताडपर्णी, १९५५ साली आली. कान शहराच्या मानचिन्हात ताडाचे पान आहे, त्यावरून ती घडवली गेली. पहिला मान डेल्बर्ट मान यांच्या ‘मार्टी’ला मिळाला. पुढे १९६४ ते १९७४ या काळात महोत्सवाने हे नाव बाजूला ठेवून पुन्हा ‘ग्रां प्री’ द्यायला सुरुवात केली आणि १९७५ पासून पाम द’ओर परत आली. दरम्यान १९६७ पासून परीक्षकांचा विशेष पुरस्कार म्हणून दुसऱ्या क्रमांकाची एक ‘ग्रां प्री’ सुरू झाली होती आणि आज नुसते ‘ग्रां प्री’ म्हटले की तोच दुसरा पुरस्कार अभिप्रेत असतो. म्हणजे एकाच शब्दाने एकेकाळी पहिला क्रमांक दाखवला जाई आणि आज दुसरा दाखवला जातो. शब्दशः अर्थ ‘मोठा पुरस्कार’ असल्यामुळे घाईत काम करणारा वार्ताहर फसणार हे उघड आहे. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला ग्रां प्री मिळाली तेव्हा तो ‘कानचा सर्वोच्च सन्मान’ असल्याचे मी एकाहून अधिक ठिकाणी वाचले. त्या वर्षीची पाम द’ओर शॉन बेकर यांच्या ‘अनोरा’कडे गेली होती. शाजी करुण यांच्या १९९४ मधील ‘स्वाहम्’नंतर तब्बल तीस वर्षांनी एक भारतीय चित्रपट मुख्य स्पर्धेत उतरतो आणि थेट दुसरा क्रमांक पटकावतो, ही बातमी पुरेशी मोठी होती. तिला फुगवण्याची गरज नव्हती.

नावांचा हा हिशेब नीट ठेवला तर काही गमतीही हाती लागतात. जाफर पनाही यांना २०२५ साली पाम द’ओर मिळाली. त्याआधी २००० साली ‘द सर्कल’साठी व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि २०१५ साली ‘टॅक्सी’साठी बर्लिनचे सुवर्णअस्वल त्यांच्याकडे आलेच होते. (बर्लिनच्या वेळी त्यांना इराणबाहेर जाण्यास बंदी होती आणि त्यांच्या छोट्या भाचीने मंचावर जाऊन ते अस्वल स्वीकारले.) तिन्ही महोत्सवांचे सर्वोच्च पुरस्कार मिळवणारे याआधीचे दिग्दर्शक तिघेच: आंरी-जॉर्ज क्लुझो, मिकेलान्जेलो अन्तोनिओनी आणि रॉबर्ट ऑल्टमन. त्यांना कानचा मान अनुक्रमे १९५३, १९६७ आणि १९७० साली मिळाला, आणि ही तिन्ही वर्षे ‘ग्रां प्री’ची आहेत. तेव्हा पाम द’ओर, सुवर्णसिंह आणि सुवर्णअस्वल ही तिन्ही नावे आपल्या यादीत असलेले पनाही हे एकटेच ठरतात. उलट १९३९ सालच्या सेसिल डमिल यांच्या ‘युनियन पॅसिफिक’च्या नावावर पाम द’ओर आहे, कारण न झालेल्या त्या पहिल्या महोत्सवाचा निकाल कानने २००२ साली लावला! आपल्या चित्रपटविषयक स्तंभात अशा गोष्टींना जागा मिळाली तर वाचकांना त्या नक्की आवडतील.

तो महोत्सव का झाला नाही, याची कथा या पुरस्कारांच्या मुळाशीच जाते. व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली सुरू झालेला, म्हणजे जगातला सर्वांत जुना. फासिस्ट राजवटीत तिथल्या सर्वोच्च पुरस्काराला चक्क मुसोलिनी चषक म्हणत. १९३८ साली हा मान बर्लिन ऑलिंपिकवरील लेनी रीफेनश्टाल यांच्या ‘ऑलिंपिया’ला आणि एका इटालियन वैमानिकपटाला देण्यात आला, त्या वैमानिकपटाच्या निर्मितीवर मुसोलिनीच्या मुलाचीच देखरेख होती. फ्रेंच, ब्रिटिश आणि अमेरिकी प्रतिनिधी संतापले आणि फ्रान्सने स्वतःचा महोत्सव भरवायचे ठरवले. त्यासाठी १ सप्टेंबर १९३९ ही तारीख मुक्रर झाली आणि नेमक्या त्याच दिवशी हिटलरने पोलंडवर आक्रमण केले. आज ज्या पुरस्काराकडे जग कलेचा निर्मळ निवाडा म्हणून पाहते, त्याचा जन्म एका लबाड निकालाविरुद्धच्या संतापातून झाला आहे.

नंतरच्या काळातही हे पुरस्कार काही गाभाऱ्यातल्या मूर्तीसारखे अढळ राहिलेले नाहीत. १९६८ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या आंदोलनाच्या झळा लागून कानचा महोत्सव अर्ध्यावर बंद पडला आणि पुरस्कार दिलेच गेले नाहीत. बर्लिनमध्ये १९७० साली व्हिएतनाम युद्धातील अत्याचारावरच्या एका जर्मन चित्रपटावरून परीक्षक मंडळात फूट पडली, मंडळाने राजीनामा दिला आणि सुवर्णअस्वल कोणालाच मिळाले नाही. व्हेनिसने तर १९६९ पासून दहा-अकरा वर्षे स्पर्धाच गुंडाळून ठेवली होती. सुवर्णसिंह १९८० साली परतला तो जॉन कॅसावेटीस आणि लुई माल या दोघांत विभागून.

आता निर्णय कोण घेते, याविषयी. ऑस्करचा कौल अकादमीच्या हजारो सभासदांच्या मतांतून येतो. कानच्या मुख्य स्पर्धेत साधारण वीस चित्रपट असतात आणि ते पाहून निर्णय करतात फक्त नऊ जण, तेही त्या एका वर्षापुरते बोलावलेले. टोरंटोत याच्या अगदी उलट पद्धत आहे. तिथला सर्वांत मानाचा पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर दिला जातो आणि नंतर ऑस्करला कोण पोहोचेल याचा अंदाज बांधणारे लोक त्याकडे डोळे लावून बसतात. या तीन प्रक्रियांतून निघालेल्या निकालांना ‘जगातील सर्वोत्कृष्ट चित्रपट’ असे एकच लेबल लावणे मला पटत नाही. नऊ माणसांचे मंडळ अध्यक्षाच्या कलाने झुकू शकते, ते तडजोड करते, कधी नियमालाही वळसा घालते. २०१३ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने पाम द’ओर दिग्दर्शकाबरोबर त्याच्या दोन अभिनेत्रींनाही जाहीर केली, आणि २०२१ साली अध्यक्ष स्पाइक ली यांनी समारंभाच्या सुरुवातीलाच चुकून विजेत्या ‘तितान’चे नाव फोडून टाकले. मला यात कमीपणा वाटत नाही. ठरावीक माणसांनी आपल्या नावानिशी घेतलेला निर्णय म्हणूनच तो मला वाचनीय वाटतो. पण त्यासाठी परीक्षक कोण होते ते बातमीत असायला हवे, आणि ते जवळजवळ कधीच नसते.

विभागांचा घोटाळा मराठी वाचकाला अधिक जवळून लागतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये ओरिझोन्ती या विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आणि पदार्पणासाठी ‘लायन ऑफ द फ्युचर’ असे दोन मान मिळाले. दुसऱ्या नावात सिंह असल्यामुळे कित्येकांनी तो सुवर्णसिंहच समजला; प्रत्यक्षात त्या वर्षीचा सुवर्णसिंह स्वीडनच्या रॉय अँडरसन यांना मिळाला होता. २०२० साली ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’ला पटकथेचा पुरस्कार मिळाला, तो मात्र मुख्य स्पर्धेतला. ‘पटकथा’ हा शब्द ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ या शब्दांपुढे लहान दिसतो, म्हणून कुणाला तो आधीच्यापेक्षा खालचा वाटला असेल तर त्यात वाचकाचा दोष नाही. विभागाचे नाव आणि त्याचे स्थान सांगणारे एक वाक्य बातमीत असते तर हा प्रश्न उरला नसता. कानमध्येही ‘अँ सर्तां रगार’ हा अधिकृत पण वेगळा विभाग आहे, त्याचे परीक्षक वेगळे आहेत. समीक्षक सप्ताह आणि दिग्दर्शक पंधरवडा हे तर त्याच काळात, त्याच गावात, परंतु वेगळ्या संघटनांनी भरवलेले उपक्रम आहेत. कॅमेरा द’ओर हा पदार्पणाच्या चित्रपटाचा मान या सर्वांना मिळून एकच असतो आणि तो १९८८ साली मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ला मिळाला होता. आणि या सगळ्याबाहेर तिथे चित्रपटांचा बाजार भरतो. त्यात पैसे भरून सभागृह घेता येते आणि आपला चित्रपट खरेदीदारांना दाखवता येतो. हा रीतसर व्यवसाय आहे, त्यात गैर काहीच नाही. मात्र अशा खेळाची बातमी ‘कानसाठी निवड’ या मथळ्याखाली छापली जाते, तेव्हा ज्यांची खरोखर निवड झाली त्यांच्यावर अन्याय होतो.

एक शेवटचा मुद्दा. कान, व्हेनिस आणि बर्लिन यांच्यापलीकडचे निकाल आपल्याकडे क्वचितच येतात. लोकार्नोचा सुवर्णबिबट्या, सान सेबास्तियानचा सुवर्णशिंपला, कार्लोव्ही व्हारीचा स्फटिकगोल यांची नावे तरी अधूनमधून कानी पडतात. रॉटरडॅमचा टायगर पुरस्कार २०२१ साली पी. एस. विनोदराज यांच्या ‘कूळांगल’ या तमिळ चित्रपटाला मिळाला म्हणून आपल्याला ठाऊक झाला. पण बुर्किना फासोच्या वागाडुगु या राजधानीत १९६९ पासून ‘फेस्पाको’ हा आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव भरतो आणि त्याचा सर्वोच्च पुरस्कार म्हणजे ‘येनेंगाचा घोडा’. येनेंगा ही मोसी लोकांच्या आख्यायिकेतली घोडेस्वार राजकन्या, त्यांच्या राज्याची मूळमाता. हा पुरस्कार १९७२ साली पहिल्यांदा दिला गेला तो नायजरच्या उमारू गांदा यांना. त्यानंतर एका संपूर्ण खंडाचे दिग्दर्शक या घोड्यासाठी झटत आले आहेत आणि त्याविषयी मराठीत मी आजवर एक ओळही वाचलेली नाही. फेस्पाको आता एक वर्षाआड, विषम वर्षी होतो. पुढच्या वेळी त्याचा निकाल, चित्रपटाचे नाव, दिग्दर्शकाचा देश आणि परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांचे नाव एवढ्या तपशिलासह, आतल्या पानावर का होईना, आपण छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक