लिफ्ट सिलिंडरला चालते, मंगळ्याला नाही

महोदय,

आमच्या इमारतीच्या फलकावर गेल्या आठवड्यात सूचना लागली : 'कुत्र्यांनी लिफ्टचा वापर करू नये.' कुत्र्यांना वाचता येत नसल्यामुळे उत्तर मला द्यावं लागतंय.

आमचा मंगळ्या घरी आला तो २९ ऑगस्ट २०१७ला, मंगळवारी. मुंबई तुंबली होती, लोकल ठप्प. पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन म्हणून फोर्टातल्या ऑफिसातून लवकर निघालो खरा, पण चालतच. हिंदमाताला कमरेइतकं पाणी. एका बंद दुकानाच्या फळीवर हा चारही पाय जवळ घेऊन उभा होता. भुंकत नव्हता, नुसता थरथरत होता. खांद्यावर घेतला. दारात हिने विचारलं, "हे काय आणलंत?" आणि लगेच आत जाऊन जुना टॉवेल घेऊन आली.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात डॉक्टरांनी दात पाहून वय तीनेक वर्षं सांगितलं. त्याच्या कानाच्या टोकाला खाच आहे. शेजारी समजतात, कुठेतरी मारामारी करून आलाय. ती खाच नसबंदी झाल्याची खूण असते. शस्त्रक्रियेच्या वेळीच करतात, सोबत रेबीजची लसही देतात. म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी त्याची काळजी घेतली होती. आता ती लस आम्ही दरवर्षी न चुकता देतो, कार्ड घरात आहे, कुणीही पाहावं.

पाण्याची भीती मात्र गेली नाही. पहाटे टाकी भरायचा पंप सुरू झाला की हा उठतो, मोरीपर्यंत जातो, आत डोकावतो आणि पाणी वर आलेलं नाही अशी खात्री करून परत येऊन झोपतो. एवढ्या वर्षांत एकही पहाट चुकलेली नाही. सोसायटीने खरं तर त्याला वॉचमनचा पगार द्यायला हवा.

आता तो अकरा-बारा वर्षांचा झालाय. मागचे पाय धरतात. आम्ही चौथ्या मजल्यावर. त्याचे ते पाय आणि माझे हे गुडघे, रोज तीन वेळा जिना कसा जमायचा? याच लिफ्टमधून गॅसचे सिलिंडर जातात, सोफे जातात, रंगाऱ्यांचे डबे जातात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५मध्येच मार्गदर्शक सूचना काढून सांगितलंय की सोसायट्यांनी पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारू नये. त्याच सूचनांमध्ये कुत्र्याची घाण मालकाने उचलावी असंही आहे, आणि मी ती उचलतो. सगळेच उचलत नाहीत, हेही कबूल. तो राग रास्त आहे.

कुणाला कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्याबद्दलही माझी तक्रार नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी घाबरते; ती लिफ्टमध्ये असली की आम्ही दोघं पुढच्या फेरीची वाट पाहतो. हे आम्ही आपापसांत ठरवलं होतं, फलकावर काही न लावता.

येत्या रविवारी याच विषयावर सभा आहे, गच्चीवर. चौथ्यापासून आणखी तीन मजले वर. नियमाचा मान राखून मंगळ्याला मी जिन्यानेच आणणार आहे, उचलून. वजन अठरा किलो. सभा थोडी उशिरा सुरू झाली तर सभासदांनी सांभाळून घ्यावं.

– एक निवृत्त वाचक, नायगाव, दादर (पूर्व)