पगचं पिल्लू बुक करायच्या आधी हे वाच

सोनू,

तू पाठवलेला पिल्लाचा व्हिडिओ आईनं आणि मी दोघांनी बघितला. गोड आहे, त्यात वादच नाही. पण घेऊ नकोस असं मी म्हटलं आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली, म्हणून आता लिहूनच पाठवतोय, जेवणाच्या सुट्टीत निवांत वाच.

माझी अख्खी नोकरी कृत्रिम रेतनानं गायी भरवण्यात गेली, गाडीला लावलेला तो वळूचं रेत गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कॅन तू लहानपणापासून बघितलायस. त्यामुळं निवडून पैदास करणं म्हणजेच पाप असं मी कधीच म्हणणार नाही, माणसानं निवड केली नसती तर ना ज्वारीचं कणीस एवढं भरलं असतं ना दावणीला गाय आली असती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे बघ. १९८३ साली पटेल-३ भाताच्या शेतात त्यांना थोड्या वेगळ्या लोंब्या दिसल्या, ते बी त्यांनी बाजूला ठेवलं, दरवर्षी लावून निवडत निवडत त्यातनं एचएमटी तांदूळ उभा केला, आणि माणूस किती तर दीड एकरवाला. त्यांच्या कामाचं जेवढं चीज व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, २०१८ ला गेले ते, मला फार लागलं होतं ते वाचून. असो. मला सांगायचंय ते एवढंच की त्यांनी जे निवडलं ते आधी स्वतःच्या शेतात लावलं आणि स्वतःच्या ताटात वाढून घेतलं.

आपल्या खिलार गाय-बैलांचं पण तसंच. आटपाडी, जत, माण, सांगोला हा सगळा दुष्काळी पट्टा, पाऊस नाही, वैरण नाही, तिथं टिकेल असाच खोंड वळू म्हणून राखायचे. खूर टणक पाहिजे, चाल पाहिजे, उन्हात दिवसभर औत ओढता आलं पाहिजे. खिलार गाय दूध देते थोडंच, कारण दुधासाठी तिला कुणी निवडलंच नव्हतं. आता ही निवड करणारा शेतकरी त्याच बैलामागं त्याच उन्हात चालायचा गं, बैल बसला तर त्याची पेरणी बसायची, म्हणजे निवड चुकली की त्याचा भोग त्यालाच. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. निवडणारा आणि भोगणारा एकमेकांजवळ असले की निवड आपोआप शहाणपणाची होते, आणि जसजसं त्यांच्यात अंतर पडत जातं तसे जनावराचे हाल वाढत जातात.

एचएफचं, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन या विलायती दुधाळ गायीचं उदाहरण देतो, ते माझ्याच कामातलं आहे. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला एक होल्स्टिन वळू होता, पॉनी फार्म आर्लिंडा चीफ. त्याला १६ हजार लेकी झाल्या, त्या दुधाला इतक्या भारी निघाल्या की तो सगळीकडं वापरला गेला आणि आज अमेरिकेतल्या होल्स्टिन गायींच्या अंगात १४ टक्क्यांच्या आसपास एकट्या त्याचे जनुक आहेत असं म्हणतात. पण त्याच्यात एक दोष लपलेला होता, तो आई आणि बाप दोन्हीकडनं आला की गर्भ पोटातच मरतो. तो नेमका कुठला दोष हे शास्त्रज्ञांनी शोधलं २०१६ ला. तोपर्यंत जगभरात ५ लाखांच्या घरात गर्भपात झाले असा अंदाज आहे. दुधाचा फायदा त्याच्या कितीतरी पट जास्त झाला हे पण खरंय, मी लपवत नाही, आणि आपल्याकडं याच एचएफच्या संकरित गायीच्या दुधावर पोरांची शिक्षणं झाली, तुझं पण. म्हणून मी त्या गायीला नावं ठेवत नाही. पण तिला आपलं ऊन झेपत नाही, धापा टाकते, कास सुजते, आणि तिला झालेला गोऱ्हा, त्याला धड वशिंड नाही त्यामुळं जू बसत नाही, उन्हात काम होत नाही. २०१५ पासून राज्यात बैल-वळू कापायला पण बंदी आहे. मग त्या गोऱ्ह्याचं काय होतं, दुधावर किती दिवस ठेवतात, रात्री कुठं नेऊन सोडतात, हे गावातल्या प्रत्येकाला माहितीय आणि कुणी बोलत नाही. आता कालवडच होईल अशा रेतमात्रा आल्यात, १० मधल्या ९ वेळा कालवड, मला ते खरंच चांगलं वाटतं.

मांसाच्या ब्रॉयलर कोंबडीचं थोडक्यात सांगतो. लोकं म्हणतात इंजेक्शन देऊन फुगवतात, तसं काही नाही, ती जातच तशी केलीय. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात १९५७ ची जात आणि २००५ ची जात एकच खाद्य देऊन वाढवली, ५६ दिवसांनी जुनी भरली ९०५ ग्रॅम आणि नवी ४ किलो २०२ ग्रॅम. पाय आणि हृदय त्या मानानं वाढत नाहीत. आणि या पिल्लांच्या आया असतात ना, त्यांना पोटभर खायला पण देत नाहीत, कारण दिलं तर अंडी द्यायच्या वयापर्यंत नीट जगायच्याच नाहीत. म्हणजे भूक प्रचंड लावलीय आणि वर उपाशी ठेवायचं. हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

आता तुझा पग. गाय दूध तरी देते, इथं तर नुसत्या दिसण्यासाठी सगळं केलंय. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७४५ साली स्वतःच्या पगबरोबर चित्र काढलंय, गूगल करून बघ, त्या कुत्र्याला व्यवस्थित नाक आहे. पुढं तोंड चपटं करत आणलं, हाड आखडलं पण आतलं मांस तेवढंच राहिलं, टाळू लांब, नाकपुड्या बारीक, म्हणून तो घरघर आवाज. लोकांना तो गोड वाटतो, खरं तर त्याला श्वास मिळत नसतो. कुत्रं घामानं गार होत नाही, धापून गार होतं, आणि याला नीट धापताच येत नाही, मग पुण्याचा एप्रिल-मे कसा काढणार ते? डोळे बाहेर आल्यामुळं जखमा होतात, शेपटीची ती गुंडाळी आवडते म्हणून निवडली तर मणक्यात पण दोष येतात. परत सगळे एकमेकांचे भाऊबंद. २००८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या लोकांनी हिशोब केला, ब्रिटनमधल्या १० हजार पगांत विविधता जेमतेम ५० कुत्र्यांएवढी. नेदरलँड्सनी तर तोंड फार आखूड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंदीच आणलीय. आपल्याकडं हच या मोबाइल कंपनीच्या पगवाल्या जाहिरातीनंतर जो तो पग मागायला लागला.

आणि बघ, पिल्लू विकणारा दोन महिन्यांचं असतानाच देऊन मोकळा होतो. त्रास दिसायला लागतो वर्ष-दोन वर्षांनी, तेव्हा तो नसतो, तू असतेस आणि ते मुकं जनावर असतं. तू बुकिंगचे पैसे दिलेस की त्याच्याकडची मादी परत भरवली जाणार.

कुत्रं पाळूच नको असं मी म्हणत नाही, उलट पाळ, घरापासून लांब राहतेस, सोबत होईल. तुझ्याकडं रस्त्यावरची पिल्लं सांभाळणारे बरेच जण आहेत, त्यांच्याकडनं एखादं गावठी घे, लस मारून घे, काटक असतं. आपल्या भागातलं कारवान जातीचं शिकारी कुत्रं घ्यायचा विचार असेल तर फ्लॅटमध्ये नको, त्याला पळायला रान लागतं. कुणी सोडून दिलेला मोठा पग दिसला तर तो मात्र खुशाल आण, त्याला घर मिळेल आणि नवी पैदास पण वाढणार नाही.

तुझ्या रूममेटच्या पगला गळ्यात पट्टा घालू नका म्हणावं, छातीचा हार्नेस घ्या, वजन वाढू देऊ नका, आणि ऊन उतरल्याशिवाय खाली फिरवायला नेऊ नका. झोपेत श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना नाकपुड्या दाखवा, ऑपरेशननं बराच आराम पडतो. रविवारी फोन कर.

पप्पा