एएनए ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे ल्युपस नव्हे

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला चिकुनगुनिया झाला. ताप उतरला तरी सांधे दुखत राहिले, म्हणून तिची एएनए (अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी) ही रक्ततपासणी झाली. अहवालावर ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ आले आणि ल्युपसच (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) झाला या समजुतीने दोन आठवडे घरात कोणी धड जेवले नाही. खाली बारीक टाइपात टायटर १:८० असे छापलेले होते. त्याचा अर्थ मात्र संधिवाततज्ज्ञांनी समजावला तेव्हाच कळला.

पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आहेत का, एवढेच ही तपासणी सांगते. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पातळ करत नेल्यावर ती कुठवर दिसत राहतात, तो आकडा म्हणजे टायटर; १:८० म्हणजे ऐंशीपट पातळ केल्यावरही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी माणसांपैकी सुमारे ३२ टक्के १:४० ला, १३ टक्के १:८० ला आणि ५ टक्के १:१६० ला पॉझिटिव्ह निघाली होती. ल्युपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० हा केवळ उंबरठा आहे. तो गाठल्यावर लक्षणे आणि इतर तपासण्या यांचे गुण मोजावे लागतात.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ओळखण्यासाठी रक्तात तपासल्या जाणाऱ्या आरए फॅक्टरचेही असेच आहे. क्षयरोग, हेपेटायटिस सी किंवा नुसते उतारवय असले तरी तो पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि खऱ्या आमवाताच्या काही रुग्णांत तो येतच नाही. त्या मानाने अँटी-सीसीपी ही आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी अधिक नेमकी. शरीरातील दाह दाखवणारा ईएसआर तर रक्तक्षयानेही वाढतो, आणि आपल्याकडे रक्तक्षय नसलेल्या बायका किती असतील?

म्हणून प्रयोगशाळांनी एएनएच्या अहवालावर टायटर, पॅटर्न (प्रतिपिंडे सूक्ष्मदर्शकाखाली ज्या नमुन्यात दिसतात तो) आणि तपासणीची पद्धत ठळकपणे छापावी, आणि ‘हा निकाल निरोगी व्यक्तीतही येऊ शकतो’ हे एक वाक्य मराठीत द्यावे. लक्षणे नसताना एएनए तपासणी आरोग्य पॅकेजांत घालणे तर थांबलेच पाहिजे.

याचा अर्थ अहवाल कपाटात टाकून द्यावा, असा मुळीच नाही. उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठणे, तोंडात वारंवार फोड येणे, पायावर सूज किंवा लघवीला फेस येणे, यांपैकी काही असेल तर तज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही उशीर करू नये. ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीतील प्रथिनांची साधी, स्वस्त तपासणीच तो दाखवून देते. बहिणीच्या महागड्या अहवालांत नेमकी तीच नव्हती, आणि तज्ज्ञांनी सर्वांत आधी तीच करायला सांगितली.

— एक वाचक, सांगली