कोड्यातले शून्य कुणी खाल्ले?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोडे होते. कोणतीही चारअंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या. मोठीतून लहान वजा करा, आणि येईल त्या उत्तराचे पुन्हा तेच. शेवटी ६१७४ येणारच. कोडे अस्सल आहे. देवळालीला शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा हा १९४९चा शोध. ते फर्ग्युसनचे विद्यार्थी, तेव्हा पुणेकरांना त्याचे कौतुक अंमळ जास्तच.

पाचवीतल्या नातीने आमच्या कसबा पेठेच्या पिनकोडातले, ४११०११ मधले, शेवटचे चार अंक घेतले आणि वीजबिलाच्या पाठीमागे मांडणी केली. १११० वजा १११, उत्तर ९९९. पुन्हा ९९९ वजा ९९९, शून्य! ‘‘आजोबा, पेपरात चुकीचं छापलंय.’’ चष्मा लावून मीही दोनदा करून पाहिले, शून्यच. मग ट्यूब पेटली. उत्तर ९९९ नव्हे, ०९९९ लिहायचे. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पाच पायऱ्या.

पुढचे शून्य सोडायचे नाही आणि ११११सारखे चारही अंक सारखे घ्यायचे नाहीत, या दोन अटी आपण छापल्याच नाहीत. ‘कोणतीही’ म्हटले की मुले कोणतीही घेतात हो!

नंतर आम्ही सगळे पुणे पालथे घातले. सदाशिव पेठ (१०३०) तीन पायऱ्यांत पोचते, कोथरूडला (१०३८) सहा लागतात, कोथरूड लांबच. सातच्या वर मात्र कुठूनही जात नाही.

का जात नाही, हे आपल्या ‘उत्तर पुढील अंकी’मध्ये कधीच नसते. इथे तर कारण पाच ओळींत मावते. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, एवढ्यावरच पहिली वजाबाकी ठरते. त्यामुळे सुरुवात कुठूनही करा, पहिल्या फटक्यात ५४च वेगवेगळी उत्तरे संभवतात. तेवढी पोरेसुद्धा हाताने तपासू शकतात. आमच्याकडे एकतीस झालीत, उरलेली शाळेतून आल्यावर.

जागेची अडचण असेल तर शेजारची ‘माहीत आहे का?’ ही चौकट आखडती घ्या. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, असे तिथे नुकतेच वाचले. नुसत्या डोळ्यांना ती तिथून दिसत नाही.

दुरुस्ती छापाल तेव्हा मुद्रितशोधकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते ०९९९ मधले शून्य चूक समजून पुन्हा काढून टाकतील.

आपला,
एक आजोबा, कसबा पेठ, पुणे