नातवाची वाफ आणि शेजारणीचा रुसवा

अमळनेर

प्रिय वसंता,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, तेव्हा हक्काच्या दोन शिव्या आधी घालून घे आणि मग पुढे वाच. माझी साखर होती तिथेच आहे, हिचे गुडघेही.

आमच्या नातवाच्या, दीपूच्या कफात स्यूडोमोनास हा जंतू निघाला. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे छातीत चिकट कफ साचण्याचा त्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना हा जंतू बऱ्याचदा गाठतो, हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले होते, तरी रिपोर्ट वाचून मुलगी भिंतीला टेकून खालीच बसली. आता त्याला नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रातून, टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक सुरू आहे: ३०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, २८ दिवस द्यायचे आणि २८ दिवस बंद ठेवायचे. आपल्या दुकानात या जातीची इंजेक्शने विकताना कान आणि किडनी बिघडण्याची धास्ती असे, आठवते ना? श्वासावाटे दिले की तेच औषध थेट श्वासनलिकेत भरपूर उतरते आणि रक्तात फारच थोडे जाते. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध, मग छाती थोपटून कफ काढणे आणि सगळ्यांत शेवटी हे, असा क्रम आहे. पोर रडले तर औषध छातीत नीट पोहोचत नाही, म्हणून कार्टून लावून द्यावे लागते. त्या उंदीर-मांजराच्या मारामाऱ्या आता मला पाठ झाल्या आहेत.

खरी काळजी एप्रिलची आहे. या औषधाच्या नळ्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या. फ्रीजबाहेर २५ अंशांपर्यंत २८ दिवस चालतात, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ वर जातो आणि वीज नेमकी दुपारी जाते. हिने पन्हे माठाकडे हलवले आणि फ्रीजचे दार उघडण्यावर घरात कर्फ्यू लावला. त्यात या आजाराच्या मुलांच्या घामावाटे मीठ फार जाते, म्हणून उन्हाळ्यात मीठ-पाणी जास्त द्यायचे असते. पापड-कुरडयांवर दीपूची आयतीच चैन चालली आहे.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. शेजारच्या वहिनी परवा आल्या आणि नातीला सर्दी-खोकला आहे म्हणून दीपूच्या औषधातली एक नळी मागू लागल्या. लहान मुलांचा असा खोकला बहुधा विषाणूंचा असतो, त्यावर कुठलेच अँटिबायोटिक चालत नाही, आणि साधा न्यूमोनिया झालाच तर डॉक्टर बहुधा तोंडाने घ्यायचे अमॉक्सिसिलिन देतात, हे मी परोपरीने सांगितले. त्यावर म्हणतात कशा, "दुकान होते तेव्हा तुम्ही कुणाला नाही म्हणत नव्हतात!" वसंता, मी नाही म्हणत नव्हतो? चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणारे गिऱ्हाईक परत पाठवले म्हणून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास, आणि भागीदारी तुटायला सुरुवात झाली ती तिथूनच. त्या भांडणाचा तू एकटाच साक्षीदार आहेस, म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले, बरे वाटले. सुनेला नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. वांग्यांचा हंगाम संपायच्या आत भरीत खायला ये, आणि येताना लस ठेवण्याचा तो आपला जुना थंड डबा माळ्यावर असेल तर घेऊन ये. बर्फाच्या पिशव्यांसकट आण.

तुझा,
मधू