सुध्याला, पंधराव्या गाण्याबद्दल

पुणे, सोमवार रात्र

सुध्या,

आधी शिव्या देऊन घे. आठ महिने झाले. तुझ्या दिवाळीच्या एवढ्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला, म्हणजे शब्दशः अंगठा दाखवला. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला पुरं करायचंय. तब्येत बरी. बीपीची गोळी अर्धीची एक झाली, आईचा गुडघा तसाच. संपलं.

आता मुद्दा. 'जंक'चा, म्हणजे 'एम 83' या फ्रेंच बँडच्या त्या अल्बमचा, शेवट माउथ ऑर्गनवर होतो.

हसलास ना? हस. काल रात्री इस्त्री हातात धरून मी हॉलमध्ये उभा होतो, सईच्या शाळेच्या स्कर्टची एक चुणी जवळजवळ जळाली, आणि पहिल्यांदा आठवलं ते तुझं 'बरं'. विन्याच्या (दुसऱ्या) लग्नातलं. मी पंक्तीत बसून माझ्याच लेखाचं कौतुक ऐकत होतो आणि तू मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून विचारलंस, "मक्या, शेवटचं गाणं कशावर संपतं रे?" मी म्हटलं, "सिंथेसायझरवर. दुसरं कशावर संपणार, संबळावर?" सगळे हसले. तू म्हणालास, "बरं." आणि माझ्या पानातली जिलबी उचलून खाल्लीस.

तुला तेव्हाच कळलं होतं. हो ना?

तर कबुली. एप्रिल 2016 मध्ये मी 'जंक'वर जो लेख लिहिला, 'भंगार' असं एका शब्दाचं शीर्षक देऊन, ज्याची कात्रणं लोकांनी मला पाठवली, ज्याच्यावरून तू आणि मी सहा महिने भांडत होतो, तो अल्बम मी नवव्या गाण्यापर्यंतच ऐकला होता. दादरहून शिवनेरीने येत होतो. वाशीचा पूल ओलांडला तेव्हा पहिलं गाणं लावलं आणि खालापूरच्या आत फोनची बॅटरी गेली. लेख सकाळी द्यायचा होता. घरी येऊन जेवलो, लिहिलं, झोपलो. एकूण गाणी पंधरा. आणि लेखातलं ते वाक्य, जे तू मला तोंडपाठ म्हणून दाखवायचास: "शेवटाकडे तर अल्बम पार ढेपाळतो, जणू बँडलाच घरी जायची घाई झाली आहे." घाई कुणाला होती, सांग.

आता हे नऊ वर्षांनी का उकरलं? एका कॉलेजात येत्या शनिवारी मुलांना दोन तास 'संगीत समीक्षा कशी करावी' शिकवायचंय. मी! मुलांना दाखवायला नमुना हवा, म्हणून माझा सगळ्यात गाजलेला लेख काढला आणि संदर्भासाठी अल्बम लावून इस्त्रीला उभा राहिलो. हात गुंतलेले, त्यामुळे बंद करता आला नाही. नाहीतर कालही नवव्यालाच थांबलो असतो, माझी खात्री आहे.

तेव्हा मी एकटाच तुटून पडलो नव्हतो, एवढं मात्र मान्य कर. त्यांचा 2011 चा तो बावीस गाण्यांचा जोडअल्बम, 'मिडनाइट सिटी'च्या शेवटचा तो सॅक्सोफोन, आपण तो तुझ्या मारुती 800 मध्ये सिंहगड रोडवर किती वेळा वाजवला. त्यानंतर लोकांनी पाच वर्षं वाट पाहिली. तीही कशाची, तर तशाच आभाळभर आवाजाची. आणि हा बँडचा कर्ताधर्ता अँथनी गोन्झालेझ घेऊन आला काय, तर जुन्या अमेरिकन मालिकांच्या टायटल म्युझिकसारखी गाणी, मध्येच स्टीव्ह व्हायची किंचाळणारी गिटार, आणि मुखपृष्ठावर जत्रेतल्यासारखी केसाळ खेळणी. 'मून क्रिस्टल' ऐकताना तर आता पाट्या येतील, निर्माता, दिग्दर्शक, असं वाटतं. निम्म्या चाहत्यांना वाटलं आपली टिंगल केली. समीक्षकांतही एकमत नव्हतं. कुणाला हा सगळा बाष्कळपणा वाटला, तर काहींना त्याच बाष्कळपणातली हिंमत आवडली. तू दुसऱ्या गटातला. तू तर दीर्घिकेच्या नावाचा बँड म्हणून आम्हाला गच्चीवर नेऊन दुर्बिणीतून एम 83 दाखवणार होतास आणि पाऊण तास आम्हाला देशपांड्यांची पाण्याची टाकी दाखवलीस. तुझ्या अभिरुचीवर माझा विश्वास का नव्हता, याला पुरावा आहे.

माझा मुख्य मुद्दा काय होता, आठवतं? उसनी आठवण. फ्रान्समधल्या अँटीबचा पोरगा 'पंकी ब्रूस्टर' ही अमेरिकन मालिका बघून वाढतो आणि पस्तिशीत त्या परक्या सोफ्यासाठी गळा काढतो, हे खोटं आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तू म्हणालास, "आणि तुझं रे? तुमच्याकडे टीव्हीच नव्हता. तू कुलकर्णी काकूंच्या उंबऱ्यात बसून बघायचास. तुझी तर मालिकाही उसनी आणि उंबराही उसना." यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, म्हणजे दिलंच नसणार.

मला ते काल आठवलं, कारण त्या शेवटच्या गाण्याचं नाव 'संडे नाइट 1987' आहे. अँथनी 1980 चा, आपल्याच बॅचचा धर. सात वर्षांचा असताना रविवारची रात्र. तुला 1987 म्हटलं की वानखेडेवरची सेमीफायनल आठवते, पण ती गुरुवारी होती, हे मी तुला पन्नासदा सांगितलंय. रविवार म्हणजे सकाळी 'रामायण', सगळी आळी कुलकर्ण्यांकडे, चपलांचा ढीग. संध्याकाळी पिक्चर. आणि तो संपता संपता पोटात पडणारा खड्डा. दप्तर भरलेलं नाही, पीटीचे कॅनव्हासचे बूट धुतलेत पण वाळले नाहीत, त्यावर ओलाच खडू फासायचा. काकू म्हणायच्या, "चला, उठा आता, दार लावायचंय." ते गाणं तेवढंच आहे, सुध्या. नुसतं दार लावायचंय. त्यात धड काही घडत नाही, हळूहळू वाजत राहतं, आणि मग तो माउथ ऑर्गन येतो, इतका साधा की कुणीतरी जिन्यात बसून वाजवतंय असं वाटावं.

अल्बम महान आहे असं आता मी म्हणणार नाही. उगाच खूश होऊ नकोस. 'बिबी द डॉग' मला कालही सहन झालं नाही, आणि पहिल्या गाण्यातला तो पियानो अजून गणपतीच्या मांडवातला वाटतो. माझं मत कदाचित साठ टक्के बरोबरच होतं. पण ते माझं नव्हतंच ना. दहाव्यापासून पंधराव्यापर्यंतचं मत मी ठोकून दिलं होतं. यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट ऐक. त्याने अल्बमचं नाव 'जंक' का ठेवलं, तर लोक हल्ली एखाद-दुसरं गाणं उचलतात आणि बाकीचं कचऱ्यात टाकतात म्हणून. हे त्याने तेव्हाच मुलाखतींत सांगितलं होतं. मी ते लेखात उद्धृतही केलं होतं! चौथ्या परिच्छेदात. वर टोमणा मारला होता, की टाकण्यासारखं असेल तर लोक टाकणारच.

कालपासून झोप अशी नाही. कारण प्रश्न एका अल्बमचा नाही. बारा वर्षं सदर लिहिलं. त्यातले किती पुरते ऐकले होते? मी वही घेऊन मोजायला बसलो आणि सतराव्या नावाला वही मिटली. मोठ्या लोकांचं काय जातं, अँथनीला कोथरूडच्या मक्याने काय म्हटलं याने घंटा फरक पडत नाही. पण मी इथल्या पोरांच्या पहिल्या-पहिल्या रेकॉर्डींवरही लिहिलंय. एकाने तर मला घरी सीडी आणून दिली होती, आईने त्याला पोहे दिले. त्याचं मी किती ऐकलं ते मला खरंच आठवत नाही. काय लिहिलं ते आठवतं.

तू नेहमी चरणजीत सिंगांचं उदाहरण द्यायचास. 1982 साली मुंबईत बसून दहा राग सिंथवर आणि डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, इथे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि 2010 मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा बाहेरचे लोक वेडे झाले, की हे तर अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताच्याही आधीचं. अठ्ठावीस वर्षं. मी तेव्हा म्हणायचो, तो अपवाद. आता वाटतं, त्या वेळीही कुणीतरी पहिले दोन राग ऐकून जेवायला गेला असेल, आणि जेवून माझ्यासारखाच लिहायला बसला असेल.

तर शनिवारचं काय करू? तीन पर्याय दिसतात. एक, दुसरा लेख नमुना म्हणून न्यायचा आणि गप्प बसायचं. दोन, मुलांना सगळं सांगून टाकायचं, पण मग ती पोरं फोनवर रेकॉर्ड करतील आणि माझी दोन तासांत वरात निघेल. तीन, आजारी पडायचं. बायको म्हणते दोन. तिला वरात बघायची हौस आहे, आमच्या लग्नात निघाली नव्हती.

बरं, तुझं काय? नाशिकच्या घराचा ताबा मिळाला का? चिन्मयने शेवटी सायन्सच घेतलं असेल. वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेला चिवडा मिळाला होता, कळवायचं राहिलं. तुझ्या खांद्याचं एमआरआय झालं का, ते मात्र नीट लिही, इमोजी नको.

आणि एवढं एकच सांग. त्या पंक्तीत तुला कळलं होतं, तर तिथेच सगळ्यांसमोर माझं बिंग का नाही फोडलंस? मी असतो तर फोडलं असतं, हे तुलाही माहीत आहे. सहा महिने भांडलास, फ्रेंच पोराची बाजू घेऊन घसा कोरडा केलास, पण 'तू पुरता ऐकलाच नाहीस' हे एकदाही बोलला नाहीस. शुक्रवारच्या आत उत्तर दे. शनिवारी साडेदहाला उभं राहायचंय.

जिलबीचे दोन वेढे होते, एक नव्हता. माझ्या लक्षात आहे.

तुझा,
मक्या