बियाण्यांसोबत पाण्याचीही सोय हवी

माननीय संपादक,

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत दहावी-बारावीची काही मुले-मुली गेल्या पावसाळ्यापासून समाजभवनाच्या गच्चीवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत पालक, चवळी आणि सांबार (कोथिंबीर) लावत आहेत. पहिल्या खेपेस त्यांनी नुसती काळी माती भरली. ती पावसात चिकट झाली, उघडीप मिळताच तडकली आणि रोपे गेली. पुढे वाळू व गांडूळखत मिसळल्यावर पालक तेवढा चांगला आला. आठवड्यातून एकदा कोणी जाणकार येता, तर ही चूक टळली असती. १९०६ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय याच शहरात आहे. तेथील विद्यार्थ्यांना वस्त्यांशी जोडणारा उपक्रम महापालिकेने हाती घ्यावा.

खरी अडचण उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हिरवी जाळी आणि दोन वेळचे पाणी नसेल तर काहीही टिकत नाही, आणि जिथे पिण्यासाठीच टँकरची वाट पाहावी लागते तिथे मुलांनी पाणी मागायचे कोणाकडे? (बियाण्यांची पाकिटे वाटून छायाचित्र काढणे त्यामानाने सोपे.) नाग नदीकाठच्या मोकळ्या जागा काहीजण सुचवतात, परंतु सांडपाण्यावर पालेभाजी पिकवणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा महापालिका शाळांची आवारे, नळजोडणी आणि कुलूपबंद अवजारपेटीसह, सुट्यांतही खुली ठेवावीत. आमच्या मुलांचे एकमेव खुरपे सध्या पाळीपाळीने तिघांच्या घरी मुक्कामाला असते.

आपला,
एक वाचक, नागपूर